आमच्या पद्मिनीची उसळी

आमच्या घरात सध्या तीन वृद्ध मंडळी आहेत : आई, मी आणि पद्मिनी. आईचे वय ८६, माझे ६४ आणि पद्मिनीचे ३९. आता ३९ हे काही म्हातारपण नव्हे असे कोणी म्हणेल. पण मोटारीच्या जातीत ३९ म्हणजे माणसाची शंभरी उलटून गेल्यासारखेच आहे. सरकारदेखील खासगी मोटारीला पंधरा वर्षांनी म्हातारी ठरवते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिची तपासणी करून ‘अजून आहे’ असे लिहून देते. आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. त्या मानाने गाडीला सवलत बरी आहे.

पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आमच्या पिढीच्या वाचकांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. घरातल्या लहान मंडळींसाठी सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मूळची ती इटलीची फियाट अकराशे. १९७४ च्या सुमारास तिचे पुन्हा बारसे होऊन ती पद्मिनी झाली, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. सासरी नाव बदललेल्या मुलीला माहेरची माणसे जुन्याच नावाने हाक मारतात, तसे. पुढचे आसन सलग, बाकासारखे. गिअरचा दांडा खाली नाही, तर स्टिअरिंगच्या मानेशी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर चांगले रकानेच्या रकाने लिहिले. मी ते आईला वाचून दाखवले. सगळे ऐकून घेऊन आई म्हणाली, “आपल्या गाडीला नको सांगूस.”

ही गाडी वडिलांनी १९८६ साली घेतली. नंबर लावून काही वर्षे वाट पाहिल्यावर ती मिळाली. मधल्या काळात, म्हणजे १९८३ च्या डिसेंबरात, मारुती आठशे बाजारात आली आणि कचेरीतल्या शहाण्या मंडळींनी आपले जुने नंबर रद्द करून पैसे परत घेतले. वडिलांनी घेतले नाहीत. “शब्द दिला आहे,” असे ते म्हणत. कुणाला दिला आहे हे विचारण्याची आमची हिंमत नव्हती. दोन वर्षांनी ते सेवानिवृत्त झाले आणि आई व पद्मिनी या दोघींना घेऊन अलिबागजवळ नागावच्या वाडीत राहायला आले. मी नोकरीसाठी मुंबईत राहिलो. वडील २००९ साली गेले. गाडी राहिली.

तिच्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस म्हणजे ३ जून २०२०. त्या दिवशी निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदीमुळे आई आमच्याकडे मुंबईत होती. नागावचे घर बंद. आम्ही इकडे पोचलो तेव्हा वाडीतल्या निम्म्याहून अधिक सुपाऱ्या आडव्या झालेल्या, नारळांचे शेंडे मोडलेले आणि गाडीची पडवी गाडीवर निजलेली. टपाला एक खड्डा पडला, तो आजही आहे. तो सगळा पावसाळा पद्मिनीने ताडपत्रीखाली काढला. वरून पाऊस, खालून ओल आणि चोवीस तास खारा वारा. लोखंडाला याहून वाईट संगत नाही. मी पुढच्या वर्षी निवृत्त होऊन नागावला आलो, इंजिन चालू करून घेतले, रंगाचे ठिगळ लावले आणि गाडी बरी झाली असे स्वतःलाच सांगितले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती गेल्या दिवाळीची.

श्रावणात आई न्हाणीघराच्या पायरीवर बसकन आपटली. कंबरेच्या वरचा एक मणका दबला. वयामुळे हाडे ठिसूळ झालेली, डॉक्टरांनी पट्टा दिला, औषधे दिली आणि बजावले, “चालू द्या, फिरू द्या, पण धक्का नको.” तीन महिन्यांत आई काठी टेकत वाडीतल्या विहिरीपर्यंत जाऊ लागली. आणि मग तिने आपला बेत जाहीर केला. भाऊबीजेला ती मुरुडला जाणार.

मुरुडला माझा मामा असतो. तो आईहून चार वर्षांनी लहान. वर्षानुवर्षे भाऊबीजेला तो आमच्याकडे येई. पण गेल्या वर्षी पक्षाघाताने त्याची एक बाजू गेली आणि तो अंथरुणाला खिळला. आईचे म्हणणे सरळ होते : “तो येऊ शकत नाही, तर मी जाईन. ओवाळायला पाय लागत नाहीत, हात लागतात.” डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “हळू न्या. पाठीमागे उशी द्या. आणि पुन्हा सांगतो, धक्का नको.”

नागावहून मुरुड सुमारे चाळीस किलोमीटर. चौल, रेवदंडा, खाडीवरचा पूल ओलांडून साळाव, मग कोर्लई, काशीद, नांदगाव. रस्ता फार सुंदर. म्हणजे खिडकीतून बाहेर पाहिले तर सुंदर. चाकाखाली पाहिले तर जागोजागी खड्डे, आणि खड्डे नसतील तिथे गतिरोधक.

पुण्याहून चिरंजीवांनी फोनवर तोडगा सांगितला. “बाबा, चांगली वातानुकूलित टॅक्सी करू. पैसे मी देतो.” खरे सांगायचे तर तोडगा बिनचूक होता. पण आईने नकार दिला. “मी यांच्या गाडीतून जाईन.” यांच्या म्हणजे वडिलांच्या. त्यामागे निव्वळ हट्ट होता असे नाही. पद्मिनीचे पुढचे आसन सलग असल्यामुळे आई काठावर टेकते, हळूच सरकते आणि मग पाय आत घेते. पाठ वळवावी लागत नाही. हल्लीच्या गाड्यांची आसने खोलगट. त्यांत बसताना माणूस आधी वळतो आणि मग आपटतो. आपटणे तर तिला बंदच होते. हे मी चिरंजीवांना समजावून सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “बाबा, आजीच्या पाठीवर प्रयोग करू नका.”

हे वाक्य मला लागले. कारण ते खरे होते.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला, पण तो आईच्या पाठीवर नव्हे. सौभाग्यवतींना पुढच्या आसनावर बसवले, त्यांच्या मांडीवर ताट ठेवले आणि ताटात काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. नागावहून चौलच्या नाक्यापर्यंत जाऊन परत आलो. तांब्यात निम्मे पाणी उरले होते. उरलेले निम्मे कुठे गेले हे सौभाग्यवतींनी मला परतीच्या वाटेवर सविस्तर सांगितले.

घरी आल्यावर गाडीची डिकी दोन्ही हातांनी खाली दाबली आणि सोडली. ही परीक्षा अगदी सोपी आहे. वाचकांनी आपल्या गाडीवर करून पाहावी. प्रकृती ठीक असेल तर गाडी वर येते, किंचित खाली जाते आणि थांबते. आमची पद्मिनी पाच वेळा नमस्कार करून थांबली. खाली वाकून पाहिले तर मागच्या दोन्ही शॉकअपवर तेलाचे ओघळ आणि त्या ओघळांवर धुळीची साय.

शॉकअप, म्हणजे धक्के खाणारी नळी, असे आपण समजतो. नावावरूनही तसेच वाटते. पण ही समजूत चुकीची आहे, आणि ती दुरुस्त करण्यात मी या खटपटीतला पहिला धडा शिकलो. धक्का खातात ते पाटे. पद्मिनीच्या मागच्या बाजूला लोखंडी पाट्यांची कमान असते. खड्डा आला की ती दबते आणि धक्का पोटात घेते. पण पाट्याचा स्वभाव असा, की घेतलेले परत केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दबला की उसळतो, उसळला की पुन्हा दबतो. एक खड्डा आणि पाच हेलकावे. दुसरा खड्डा पहिले हेलकावे संपण्यापूर्वीच आला, तर विचारायलाच नको. शॉकअपचे काम ही उसळी शांत करण्याचे. नळीत तेल असते, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. गाडी उसळू लागली की दट्ट्याला तेलातून जावे लागते, तेलाला त्या छिद्रांतून जावे लागते, आणि एवढ्या बारीक वाटेने जाताना उसळीचा सगळा जोर खर्ची पडतो. तो जातो कुठे? तेल तापते. धक्क्याची ऊब होते आणि ती ऊब वाऱ्यावर निघून जाते. तेल गळून गेले की नळी नुसती शोभेला राहते. पाटे मन मानेल तसे नाचतात, चाक रस्त्यावर नीट टेकत नाही आणि ब्रेक लावला तरी गाडी हवी तिथे थांबत नाही. म्हणजे प्रश्न केवळ आईच्या पाठीचा नव्हता, सगळ्यांच्याच जिवाचा होता.

अलिबागेत पद्मिनीची नाडी ओळखणारे एक जुने मिस्त्री होते. ते आता गावी गेले. दुसरे एक म्हणाले, “ठेवून जा, दिवाळीनंतर बघू.” दिवाळीनंतर भाऊबीज येत नाही. तेव्हा मी निश्चय केला की हे काम आपणच करायचे. मांडव्याहून लाँचने मुंबई गाठली आणि कुर्ल्याला एका दुकानात दोन नवे शॉकअप मिळवले. जिथे गाडी जन्मली तिथेच तिची काठी मिळावी, याचा मला उगाचच आनंद झाला. दोनच का? कारण पुढचा जोड दोन वर्षांपूर्वीच बदलला होता, आणि पुढे जाड वेटोळ्याच्या स्प्रिंगा असतात. दाबात असलेली ती स्प्रिंग सुटली तर माणसाचा हात घेऊन जाते. ते काम जाणत्याचे. मागे मात्र पाटे आणि शॉकअप वेगळे असतात. नळी काढली तरी पाटा जागच्या जागी राहतो. आणि बदलायचे ते जोडीनेच. एक नवा, एक जुना अशी जोडी लावली तर गाडी एका अंगाने शहाणी आणि दुसऱ्या अंगाने वेडी वागते.

वडिलांची एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. गाडीवर केलेला प्रत्येक खर्च आणि प्रत्येक काम त्यांनी त्यात लिहिलेले आहे. ती काढली. १९९८ च्या नोव्हेंबरातली नोंद सापडली :

‘मागील दोन्ही शॉकअप बदलले. स्वहस्ते. वेळ ४ तास. शेवटचे आवळणे गाडी जमिनीवर टेकल्यावर. बॅटरी — सौ.’

वडिलांनी हे काम स्वतः केले होते! मला याचा पत्ताही नव्हता. मी तेव्हा मुंबईत होतो; पंधरा दिवसांनी एकदा फोन करी आणि “गाडी कशी आहे?” असे विचारण्याऐवजी “विकून का टाकत नाही?” असे विचारी. नोंदीतला शेवटचा शब्द मात्र मला कळेना. गाडीची बॅटरी १९९८ सालीदेखील शंभर रुपयांत येत नसणार. आणि वडील आयुष्यात कधी शंभराला सौ म्हणाले नव्हते. कुर्ल्याच्या दुकानदाराची बोली वहीत उतरली असेल असे ठरवून मी तो प्रश्न सोडून दिला.

वसुबारसेच्या दिवशी कामाला हात घातला. मोबाईलवर एका परदेशी गृहस्थाची चित्रफीत पाहिली होती. त्याने चार नट काढले, दोन नळ्या बदलल्या आणि तेवीस मिनिटांत हात पुसले. पण तो गृहस्थ नागावच्या किनाऱ्यावर राहत नव्हता. उजव्या बाजूचे नट दहा मिनिटांत निघाले. डाव्या बाजूचा खालचा नट मात्र जागचा हलेना. गाडीची डावी बाजू वर्षानुवर्षे समुद्राकडे तोंड करून उभी. खाऱ्या वाऱ्याने नट आणि आटे यांचे असे काही मेतकूट जमवले होते की दोघांना वेगळे करणे अशक्य. तारेच्या ब्रशाने घासले, गंज सोडवणारे तेल पाजले, रात्रभर मुरू दिले. सकाळी पुन्हा पाजले. आधी किंचित आवळून मग सोडवून पाहिला. दिव्याची आच देण्याचा विचार मनात आला होता. पण पेट्रोलची टाकी मागच्याच बाजूला असते हे वेळीच आठवले. शेवटी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी लोखंडाची करवत घेऊन नट कापायला बसलो. लोक त्या दिवशी धनाची पूजा करतात; मी एका गंजक्या नटाची करत होतो.

आणि इथे मी ती चूक केली, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

कापायला हात पुरेना, म्हणून मी डावे चाक काढले. मागची चाके उचलली की हँडब्रेक आणि गिअर यांचा उपयोग संपतो, कारण दोघेही मागच्याच चाकांना धरून ठेवतात. हे ठाऊक असल्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले होते. इतपत शहाणपण होते. पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, आधार द्यावा, हे आठवल्यावर आधार म्हणून मी काय घेतले? चिरे. आमच्याकडे घर बांधायला जांभ्याचे चिरे. गडगा चिऱ्याचा, विहीर चिऱ्याची, तुळशीवृंदावन चिऱ्याचे. ज्या चिऱ्यावर दोनशे वर्षे घर उभे राहते त्यावर एक गाडी राहणार नाही? दोन चिरे एकावर एक रचले, त्यांवर गाडीचा आस टेकवला, जॅक किंचित सैल केला आणि खुशाल खाली सरकलो. सौभाग्यवती बॅटरी धरून उभ्या. पंधरा मिनिटे करवत चालवली. हात भरून आले म्हणून बाहेर येऊन पाणी पीत होतो, तेवढ्यात रेवदंड्याचे तांडेल आले. वडिलांचे जुने स्नेही. खाडीत त्यांची होडी आहे. दिवाळीसाठी नारळ न्यायला आले होते. त्यांनी गाडीकडे पाहिले, चिऱ्यांकडे पाहिले आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

“भाऊ, खाली कोन व्हता?”

“मीच होतो.”

तांडेल काही बोलले नाहीत. त्यांनी जॅक पुन्हा आसाला घट्ट टेकवला, आणि मग गाडीच्या कोपऱ्याला खांदा लावून एक हलका रेटा दिला. वरचा चिरा मधोमध दुभंगला. खळ्ळ असा आवाज झाला, तांबडी भुकटी उडाली आणि आस जॅकवर येऊन बसला. जॅक कर्र वाजला, पण राहिला.

सौभाग्यवतींच्या हातातली बॅटरी जमिनीवर पडली. ती कुणी उचलली नाही. गाडीखाली माझी करवत पडली होती. पाणी प्यायला बाहेर आलो नसतो, तर तिच्या शेजारी मी असतो.

तांडेल मग शांतपणे बोलू लागले. “आमी होरी पावसाला किनाऱ्याव घेतो, तवा चिऱ्याव ठेवत नाय. लाकराव ठेवतो. भिंतीत चिऱ्याव भार सगल्या अंगाव पसरतो. हितं सगला भार एका बोटाव. आनि लाकूर मोरायच्या आधी बोलतं, भाऊ. चिरा बोलत नाय.”

इतक्या वर्षांच्या शिक्षणात मला हे कुणी सांगितले नव्हते. त्याच रात्री त्यांच्या मुलाने टेम्पोतून होडीखाली घालायचे चार जाड, रुंद ओंडके आणून टाकले. सकाळी तांडेल स्वतः आले. ओंडके आडवेउभे रचून घेतले, गाडी त्यांवर टेकवली, चहूबाजूंनी रेटून पाहिली. काढलेले चाक मी मोठ्या नीटनेटकेपणाने माडाला टेकवून ठेवले होते. ते त्यांनी उचलून गाडीच्या पोटाखाली आडवे सरकवले. “पर्लीच, तं चाकाव परंल. मानसाव नाय.” ज्यांना ज्यांना आपल्या गाडीखाली शिरण्याची हौस आहे, त्या सर्व वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे : बाकी सगळा लेख विसरलात तरी चालेल, तांडेलांचे हे वाक्य विसरू नका.

पुढचा एक तास मी खाली शिरलो नाही. हात थरथरत होते. ओटीवर आई खुर्ची टाकून बसली होती. तिला कुणी काही सांगितले नव्हते. पण फुटलेला चिरा अंगणात होता आणि तिला चष्मा लागत असला तरी चिऱ्यासाठी लागत नव्हता. ती एवढेच म्हणाली, “आज राहू दे. मी नाही गेले तरी तो समजून घेईल.”

आई असे म्हणाली म्हणूनच मी उठलो.

नट कापून निघाला. जुनी नळी हातात आली. दांडा आत ढकलला तर पिचकारीसारखा सुळकन गेला. पाण्याइतकाही विरोध नाही. नवी नळी खोक्यातून काढली आणि मी ती तशीच घेऊन गाडीखाली शिरणार, तोच ओटीवरून आवाज आला :

“अरे, आधी ती घुसळून घे ना!”

“काय घुसळून घे?”

“नळी. उभी धर. दांडा वर ओढ, खाली दाब. पाचसात वेळा. आडवी पडून पडून आत हवा अडकते म्हणे; ती वर निघून जाते. यांनी ओटीवर बसून ताक घुसळल्यासारखं केलं होतं. मी म्हटलंसुद्धा होतं, लोणी निघालं की सांगा.”

मी नळी उभी धरून दांडा दाबला. पहिल्या दोन वेळा मध्येच एक पोकळ जागा लागली, हात एकदम खाली गेला. चौथ्या वेळेपासून दांडा सारख्या जोराने, जणू मधातून, जाऊ लागला. आईचे म्हणणे अक्षरशः खरे होते. परदेशी गृहस्थानेही ते केले असेल. पण त्या वेळी मी बहुधा चहा पीत होतो.

“पण आई, तुला हे कसं माहीत?”

“मीच तर बॅटरी धरून बसले होते चार तास. जरा हात हलला की ओरडायचे. ‘उजेड कुठे पाडतेस?’ म्हणे. मी म्हटलं, अंधार पडलाय तिथेच पाडते.”

बॅटरी — सौ. मी गाडीखाली डोके घालून थोडा वेळ तसाच राहिलो. नट आवळायचा होताच. शिवाय डोळ्यांत गंज गेला होता.

आमचे वडील म्हणजे पाटे. धक्का पोटात घेत, पण तो परत केल्याशिवाय राहत नसत. आणि तो सगळा आवाज, ते हेलकावे घरातल्या आम्हा पोरांपर्यंत पोचायच्या आत कुठे नाहीसे होत, याचा मी कधी विचार केला नव्हता. तो विचार मला गाडीखाली सुचला, ही काही फार मोठेपणाची गोष्ट नव्हे. आईने तो ऐकला असता तर म्हणाली असती, “नट आवळ.”

रबरी बुश, वॉशर, नट, ज्या क्रमाने निघाले होते त्याच क्रमाने चढवले. पण पक्के आवळले नाहीत. वहीतली ती ओळ आता कळली. गाडी अधांतरी असताना नट आवळला तर रबर लोंबत्या अवस्थेतच आवळले जाते. गाडी खाली टेकली की ते पिळवटते आणि लवकर फाटते. म्हणून आधी चाके चढवून गाडी जमिनीवर ठेवायची, तिचे वजन पायांवर येऊ द्यायचे आणि मग शेवटचा हात मारायचा. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या आधी, तेलाचे हात मी त्या कामात पूर्ण करून घेतले. डिकी दाबून सोडली. गाडी वर आली, किंचित खाली गेली आणि थांबली. तांब्याचा प्रयोगही पुन्हा झाला. या वेळी चौलहून परत येईपर्यंत सौभाग्यवतींचे लुगडे कोरडे राहिले, आणि तांब्यात वरचे दोन बोटे सोडून सगळे पाणी शिल्लक होते. चिरंजीवांना फोनवर हे आकडे कळवले. तो म्हणाला, “मी येतोय. गाडी मी चालवणार.” प्रयोगाला याहून मोठी मान्यता कोणती हवी?

भाऊबीजेला सकाळी निघालो. आई पुढे, पाठीशी उशी, मांडीवर निरांजनाचे ताट. मागे आम्ही दोघे. चिरंजीवांनी गाडी अशी चालवली की सायकलवाले आम्हांला मागे टाकून वळून पाहत होते. गतिरोधक मी नऊपर्यंत मोजले आणि सोडून दिले, कारण आईने मोजणे थांबवून बाहेर पाहायला सुरुवात केली होती. साळावच्या पुलावर खाडीचा वारा आत आला. कोर्लईचा किल्ला उजवीकडे दिसला तेव्हा आईने हात जोडले. का ते विचारले नाही. काशीदच्या सुरूंच्या बनापाशी एका खड्ड्यात मागचे चाक गेले. चिरंजीवांच्या तोंडून ‘अरे’ निघाले आणि आम्ही तिघांनीही आईकडे पाहिले. पाटे दबले, गाडी एकदा उठली, आणि बसली. एकदाच.

“काय झालं?” आई म्हणाली.

काहीच झाले नव्हते.

मुरुडला मामाच्या खोलीत आईने बसल्या बसल्या त्याला ओवाळले. त्याला बोलता येत नाही. उजवा हात उचलत नाही. त्याने डावा हात तिच्या ताटात ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला. मी बाहेर आलो. अंगणात पद्मिनी उभी होती. सहज वाकून मागच्या नळीला बोट लावले. ती कोमट होती. चाळीस किलोमीटरचे खड्डे तिथे जमा होते.

रात्री घरी आल्यावर आईने लाल वही मागवली. “लिही,” म्हणाली. मी लिहिले : ‘मागील दोन्ही शॉकअप बदलले. स्वहस्ते.’

“स्वहस्ते?” आईने चष्म्यावरून पाहिले.

मी तो शब्द खोडला. खाली लिहिले : ‘ओंडके — तांडेल. नळी घुसळणे — आई. बॅटरी — सौ.’

सौभाग्यवतींनी खांद्यावरून वाकून वाचले आणि विचारले, “हे शंभर कसले?”